ध्रुवीय ऑक्साइड-पृष्ठांचे स्थैर्य : एका प्रश्नाचा इतिहास

१. उपक्रम

बीड जिल्ह्याची भूमी जवळजवळ सर्वस्वी दख्खनच्या बेसाल्टाची आहे. बालाघाटच्या रांगा, त्यांत उगम पावणाऱ्या मांजरा व बिंदुसरा या नद्यांची खोरी, अंबाजोगाईची शिवलेणी आणि बीड शहरातील कंकालेश्वराचे देवालय या सर्वांचा पाषाण एकाच कुळातला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून बाहेर पडलेला लाव्हा थरावर थर साचून निवत गेला आणि त्यातून हा काळा कातळ बनला. पावसाळ्यानंतर ओढ्यांचे पाणी ओसरले म्हणजे वाळूवर काळ्या, जड कणांच्या रेघा उमटलेल्या दिसतात. त्यांवरून लोहचुंबक फिरवला तर बरेचसे कण त्याला केसांसारखे चिकटतात. हा खेळ शाळकरी मुलांच्याही ओळखीचा आहे. हे कण मुख्यतः मॅग्नेटाइट या खनिजाचे, आणि अधिक काटेकोरपणे बोलायचे तर टायटॅनियम-मिश्रित मॅग्नेटाइटाचे असतात.

वाळूतले कण वाहून, घासून बोथट झालेले असतात. परंतु ताज्या बेसाल्टाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तिच्यात या खनिजाचे अपारदर्शक छेद चौरस, त्रिकोणी किंवा षट्कोनी आकारांचे आढळतात. लाव्हा झपाट्याने निवला असेल तेथे स्फटिक सांगाड्यासारखा अपुरा राहिलेला असतो. सावकाश निवला असेल तेथे त्याची घडण पूर्ण असते. चौरस, त्रिकोण व षट्कोन हे तिन्ही एकाच घनाकृतीचे छेद होऊ शकतात आणि ती आकृती म्हणजे अष्टफलक. मॅग्नेटाइट बहुधा अष्टफलकी रूपात स्फटिकित होते, हे खनिजशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही दिलेले असते.

आता या साध्या विधानासमोर दुसरे एक विधान ठेवावयाचे आहे. आयनी स्फटिकांच्या विद्युत्-सिद्धान्ताप्रमाणे मॅग्नेटाइटाचे अष्टफलकी पृष्ठ, म्हणजे ज्यास स्फटिकशास्त्रात (१११) असे म्हणतात ते, असूच शकत नाही. आदर्श रचनेप्रमाणे ते कापले तर त्याची ऊर्जा अमर्याद ठरते. खनिजशास्त्रज्ञ ज्या पृष्ठाला नित्याचे मानतो ते भौतिकशास्त्रज्ञाच्या गणितात अशक्य ठरावे, हा विरोध कसा उत्पन्न झाला आणि तो कोणत्या मार्गाने मिटत गेला, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. दख्खनच्या बेसाल्टातील याच कणांनी विज्ञानाच्या इतिहासात एकदा मोठी साक्ष दिलेली आहे. लाव्हा निवताना त्यांच्या अंतर्भागात तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राची दिशा गोठून राहिली. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी भारतातील खडकांच्या चुंबकत्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे व त्यांचे सहकारी यांनी ते काम वाढविले. ही भूमी पूर्वी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, या निष्कर्षाला त्यातून बळ मिळाले. ती साक्ष कणाच्या गाभ्याची होती. आपणास येथे त्याच कणाच्या त्वचेचा विचार करावयाचा आहे.

२. अणुरचनेपूर्वीचा काळ

स्फटिकाचे रूप कशावर अवलंबून असते, हा प्रश्न अणूंच्या प्रत्यक्ष ज्ञानापेक्षा पुष्कळ जुना आहे. स्टेनोने १६६९ मध्ये स्फटिकाच्या पृष्ठांमधील कोन स्थिर असतात हे पाहिले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आऊई याने सूक्ष्म घटक-ठोकळ्यांच्या रचनेतून पृष्ठांची उपपत्ती मांडली. पृष्ठ म्हणजे ठोकळ्यांच्या राशीची एक बाजू होय, ही कल्पना तेव्हापासून शास्त्रज्ञांच्या मनात घर करून बसली. ती सोयीची होती, परंतु तिच्या पोटात एक गृहीत दडलेले होते. पृष्ठावरचा ठोकळा आणि पोटातला ठोकळा यांत काही फरक नाही, असे ते गृहीत होते. आपल्या कथेतील सर्व अडचणी या गृहीताने निर्माण केल्या आहेत.

त्याच काळातील एक निरीक्षण विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मीठ शुद्ध पाण्यातून घनाकार स्फटिकित होते हे सर्वांस ठाऊक असते. रोमे द लील याने १७८३ मध्ये असे नोंदविले की, द्रावणात मूत्र मिसळले तर त्याच मिठाचे स्फटिक अष्टफलकी होतात. हा परिणाम मूत्रातील यूरियाचा होय. मिठाचे घनपृष्ठ विद्युत्दृष्ट्या निरुपद्रवी आहे. त्याचे अष्टफलकी पृष्ठ मात्र ध्रुवीय आहे. म्हणजे ध्रुवीय पृष्ठ परक्या द्रव्याच्या साह्याने स्थिर होते, ही गोष्ट ‘ध्रुवीय पृष्ठ’ ही संज्ञा जन्माला येण्याच्या पुष्कळ आधी मनुष्याच्या डोळ्यांपुढे येऊन गेली होती. तिचा अर्थ लावण्याची साधने तेवढी नव्हती.

एकोणिसाव्या शतकात गिब्ज व पिएर क्यूरी यांनी प्रश्नाला ऊर्जेची भाषा दिली. ज्या रूपात पृष्ठऊर्जांची बेरीज किमान होते ते रूप समतोलाचे, असे क्यूरीने १८८५ मध्ये प्रतिपादिले आणि वुल्फ याने १९०१ मध्ये त्यावरून रूप रेखाटण्याची भूमितीय रीत दिली. दुसऱ्या बाजूस ब्राव्हे याच्या परंपरेतील स्फटिकशास्त्रज्ञ जालकबिंदूंच्या दाटीवरून पृष्ठांचे महत्त्व ठरवीत होते. या दोन्ही विचारसरणींत विद्युद्भाराला स्थान नव्हते. त्यामुळे अष्टफलकी मॅग्नेटाइटाचे कोणास आश्चर्य वाटले नाही.

३. विरोधाचा उदय

क्ष-किरणांनी हे चित्र पालटले. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी मिठाची अणुरचना उलगडली आणि १९१५ मध्ये थोरले ब्रॅग व जपानी शास्त्रज्ञ निशिकावा यांनी स्वतंत्रपणे स्पिनेल वर्गाची रचना निश्चित केली. मॅग्नेटाइट याच वर्गात मोडते. त्याच्या एका सूत्रात लोहाचे तीन व ऑक्सिजनचे चार आयन असतात. ऑक्सिजन-आयनांची दाट मांडणी असून तिच्या पोकळ्यांत लोह बसलेले असते. एका लोह-आयनाभोवती चार ऑक्सिजन, तर उरलेल्या दोघांभोवती प्रत्येकी सहा ऑक्सिजन असतात. चौघांमधील आयन त्रिसंयुजी असतो. सहांमधील आयनांचा सरासरी भार अडीच धरावा लागतो, कारण तेथे द्विसंयुजी व त्रिसंयुजी लोह सारख्याच संख्येने असून इलेक्ट्रॉन त्यांच्यात फिरता राहतो. सुमारे १२० केल्विन तपमानाखाली हे फिरणे थांबते, असे हॉलंडमधील व्हेरवे याने १९३९ मध्ये दाखविले. स्पिनेल वर्गाच्या अभ्यासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सिन्हा, संजाना व बिस्वास यांनी १९५७ मध्ये या वर्गातील मँगनाइटांच्या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला होता. परंतु त्या काळी सर्वत्रच अभ्यास चालू होता तो स्फटिकाच्या अंतर्भागाचा.

मॅडेलुंग व बॉर्न यांनी १९१८ च्या सुमारास आयनी स्फटिकाची विद्युत्-ऊर्जा मोजण्याची रीत घालून दिली. बॉर्न व स्टर्न यांनी १९१९ मध्ये तीच रीत पृष्ठऊर्जेला लावली. मिठाच्या घनपृष्ठाला हे गणित नीट लागू पडले. तेथे प्रत्येक थरात धन व ऋण आयन समसमान असल्यामुळे थर निर्भार असतो. परंतु ज्या दिशेने थर आळीपाळीने केवळ धन व केवळ ऋण असे येतात त्या दिशेने गणित केले की बेरीज कोठे थांबतच नाही. फ्रान्समधील बेर्तो याने १९५८ मध्ये ही गोष्ट स्पष्टपणे मांडली : ज्या स्फटिकाच्या आवर्ती थर-समूहास पृष्ठाला लंब असा द्विध्रुव असतो, त्याची पृष्ठऊर्जा स्फटिकाच्या जाडीबरोबर अमर्याद वाढत जाते.

हे विधान विद्यार्थ्यांना केवळ शब्दांनी पटणार नाही, म्हणून एक छोटे गणित करून पाहू. सोयीसाठी मॅग्नेटाइटाचे (००१) पृष्ठ घेऊ; अष्टफलकाचे टोक तासले म्हणजे जे चौरस पृष्ठ मिळते ते हेच. या दिशेने दोन प्रकारचे थर एकाआड एक येतात. पहिल्या थरात लहानात लहान चौरस एककामागे एक त्रिसंयुजी लोह-आयन असतो. त्याचा भार अधिक ३. दुसऱ्या थरात दोन लोह व चार ऑक्सिजन असतात; त्यांचा भार अधिक ५ व उणे ८ मिळून उणे ३. एककाची बाजू सुमारे ५.९४ अँगस्ट्रॉम व थरांमधील अंतर सुमारे १.०५ अँगस्ट्रॉम आहे. धन व ऋण थरांची अशी प्रत्येक जोडी म्हणजे समांतर पत्र्यांचा एक विद्युत्-संग्राहकच होय. औपचारिक भार धरून आणि आयनांचे ध्रुवीकरण न धरता हिशेब केला तर प्रत्येक जोडीमागे विभव सुमारे १६ व्होल्टांनी चढते. एका मायक्रॉनच्या कणात अशा पावणेपाच हजार जोड्या असतात. तेव्हा कणाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत विभवांतर सत्तर हजार व्होल्टांच्या वर जाईल. ओढ्यातल्या वाळूच्या कणात असे विभवांतर कोणी पाहिलेले नाही, आणि कोणताही पदार्थ ते सहन करणार नाही.

(१११) दिशेचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे, पण निष्कर्ष तोच येतो. तेथे उणे ८ भाराचा ऑक्सिजनचा थर, नंतर अधिक साडेसात भाराचा लोहाचा थर, पुन्हा उणे ८, आणि मग अधिक साडेआठ भाराचा मिश्र लोह-थर असा क्रम आहे. एकंदर बेरीज शून्य होते. द्विध्रुव मात्र उरतो.

या सर्व विचारांना सुटसुटीत वर्गीकरणाचे रूप इंग्लंडमधील टास्कर याने १९७९ मध्ये दिले. पहिल्या प्रकारात प्रत्येक थरच निर्भार असतो, जसे मिठाचे घनपृष्ठ. दुसऱ्या प्रकारात थर भारित असतात, पण त्यांची मांडणी सममित असल्यामुळे द्विध्रुव उरत नाही. गेरूचे मुख्य खनिज जे हेमॅटाइट, त्याचे पायाभूत पृष्ठ या प्रकारचे आहे. तिसऱ्या प्रकारात थर भारित आणि द्विध्रुवही शिल्लक. हे तिसऱ्या प्रकारचे पृष्ठ, रचनेत मोठा पालट झाल्याखेरीज, स्थिर राहू शकत नाही असे टास्करने सांगितले. मॅग्नेटाइटाची वर दिलेली दोन्ही पृष्ठे तिसऱ्या प्रकारातली आहेत.

४. देणे आणि ते फेडण्याचे मार्ग

विरोध मिटविण्याचा मार्ग त्याच गणितात दडलेला होता, आणि तो टास्करच्या आधीही काहींच्या ध्यानात आला होता. नॉस्कर, मार्क व लेव्हाइन यांनी १९७० मध्ये दाखविले की, सर्वांत बाहेरच्या थरांचा भार ठरावीक प्रमाणात कमी झाला तर विभव जिन्यासारखे चढत जाण्याऐवजी एकाच पातळीभोवती खालीवर होत राहते. किती कमी व्हावयास हवा हे थरांमधील अंतरांवरून ठरते. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या अष्टफलकी पृष्ठावर थर समान अंतरावर आहेत. तेथे बाहेरच्या थराने निम्मा भार टाकला पाहिजे. झिंक ऑक्साइडच्या पायाभूत पृष्ठावर अंतरे सुमारे एकास तीन या प्रमाणात आहेत. तेथे पाव भार टाकणे पुरते. मॅग्नेटाइटाच्या (००१) पृष्ठावर अंतर समान असल्याने तीनचा भार दीडवर आला पाहिजे.

हे प्रत्येक ध्रुवीय पृष्ठाचे देणे होय. ते चुकविता येत नाही. परंतु ते कोणत्या नाण्यात फेडावे हे विद्युत्-सिद्धान्त सांगत नाही, आणि पुढील तीस-चाळीस वर्षांचा इतिहास हा मुख्यतः या नाण्याच्या शोधाचा इतिहास आहे.

फेडीचे मार्ग तीन संभवतात. पहिला, पृष्ठावरील काही आयन गाळून टाकणे व उरलेल्यांची नवी मांडणी करणे. दुसरा, आयन जागच्या जागी ठेवून त्यांच्यातील इलेक्ट्रॉनांची वाटणी बदलणे. तिसरा, बाहेरून भारित कण स्वीकारणे. यांत पाण्याच्या विघटनातून मिळणारा हायड्रोजन व हायड्रॉक्सिल हे प्रमुख होत. याशिवाय पृष्ठ आपले अस्तित्वच सोडून देऊ शकते. हेन्रिक याने १९७६ मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचे (१११) पृष्ठ निर्वातात तापविले असता त्याच्या जागी घनपृष्ठांच्या लहान लहान पायऱ्या तयार झाल्या. मिठाच्या व मॅग्नेशियम ऑक्साइडच्या वर्गात पृष्ठ टिकवावयाचे तर बाहेरच्या थरातून पाऊण व त्याखालच्या थरातून पाव आयन काढून आठ-आठ आयनांचे निर्भार, निर्द्विध्रुव समूह रचता येतात, हे वोल्फ याच्या १९९२ च्या निबंधाने सर्वपरिचित झाले.

येथे प्रयोगाची अडचण सांगितली पाहिजे. पृष्ठाची अणुरचना पाहावयाची तर ते उच्च निर्वातात स्वच्छ ठेवावे लागते आणि मंदगती इलेक्ट्रॉनांचे विवर्तन किंवा तत्सम रीतीने तपासावे लागते. बहुतेक ऑक्साइड विद्युत्-रोधक असल्यामुळे इलेक्ट्रॉन त्यांवर साचतात व चित्र बिघडते. १९८२ च्या सुमारास बिनिग व रोरर यांनी टनेलिंग मायक्रोस्कोप सिद्ध केला, पण तोही वाहक पदार्थांपुरताच उपयोगी. म्हणून सिद्धान्त पुढे आणि प्रयोग मागे, अशी स्थिती या क्षेत्रात दीर्घकाळ राहिली. धातूवर ऑक्साइडची अतिशय पातळ पापुद्री वाढवून काहींनी ही अडचण दूर केली. जर्मनीतील फ्रॉइंड यांच्या प्रयोगशाळेत १९९४ मध्ये निकेल ऑक्साइडच्या अशा पापुद्रीवर असे आढळले की, (१११) पृष्ठ टिकून राहते ते त्यावर बसलेल्या हायड्रॉक्सिलांमुळे. ते उडवून लावले की पृष्ठाची रचना पालटते.

फ्रान्समधील क्लोदीन नोगेरा यांनी २००० मध्ये या विषयाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. तोपर्यंत ‘ध्रुवीय पृष्ठ शक्य आहे काय?’ हा प्रश्न मागे पडून ‘कोणते पृष्ठ कोणत्या परिस्थितीत कोणता मार्ग स्वीकारते?’ हा प्रश्न पुढे आला होता. प्रश्नाचे रूप बदलले की उत्तरेही वेगळी मिळू लागतात. २००३ मध्ये दुलुब, डीबोल्ड व क्रेस्से यांनी झिंक ऑक्साइडच्या जस्त-पृष्ठाचे निरीक्षण केले. ते पृष्ठ त्रिकोणी खळगे व त्रिकोणी उंचवटे यांनी भरलेले दिसले. या त्रिकोणांच्या कडांना ऑक्सिजन उरतो व जस्त कमी पडते. त्या तुटीतून भाराचा हिशेब जुळतो. जे ओबडधोबडपण पूर्वीच्या संशोधकाने नमुन्याचा दोष म्हणून टाकून दिले असते, तेच स्थैर्याचे कारण ठरले.

५. मॅग्नेटाइटाचे प्रकरण

आता आपल्या खनिजाकडे वळू. मॅग्नेटाइट सामान्य तपमानास वीज बऱ्यापैकी वाहून नेते. त्यामुळे टनेलिंग मायक्रोस्कोपने ते तपासता आले आणि १९९२-९३ मध्ये वीझेनडांगर, टाराख व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या (००१) पृष्ठाची चित्रे मिळविली. या पृष्ठाची आवर्ती एकक अंतर्भागातील एककाच्या दुप्पट क्षेत्रफळाची असून ती ४५ अंशांनी फिरलेली असते, हे अनेक प्रयोगशाळांत पुनःपुन्हा आढळले. पृष्ठाने काहीतरी पालट केलेला आहे, हे निश्चित झाले. तो पालट कोणता, याविषयी मतभेद होते. कोणी चौघांमधील लोह-आयनांचा अर्धा थर वर असल्याचे मानीत, कोणी ऑक्सिजनची रिक्त स्थाने कल्पीत.

२००५ मध्ये पेंटचेवा व त्यांच्या जर्मन-फ्रेंच सहकाऱ्यांनी वेगळे उत्तर दिले. पृष्ठावर लोह व ऑक्सिजन या दोहोंचा पूर्ण थर आहे; एकही आयन गाळलेला नाही; पृष्ठालगतचे आयन यान-टेलर परिणामामुळे लाटेसारखे किंचित सरकले आहेत आणि तेवढ्याने रचना स्थिर झाली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. टनेलिंग मायक्रोस्कोपच्या चित्रांतील लोह-आयनांच्या नागमोडी ओळी या प्रतिमानाशी जुळत होत्या. हे स्पष्टीकरण सुटसुटीत होते आणि सुमारे नऊ वर्षे ते सर्वसाधारणपणे मान्य राहिले.

परंतु काही गोष्टी त्यात बसत नव्हत्या. व्हिएन्नातील पार्किन्सन व डीबोल्ड यांच्या गटाने २०१२ मध्ये या पृष्ठावर सोन्याचे सुटे अणू ठेवून पाहिले. सोन्याचे अणू एरवी चटकन एकत्र येऊन गोळा होतात. येथे ते सुमारे ७०० केल्विनपर्यंत एकएकटे राहिले आणि प्रत्येक एककात जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन जागांपैकी एकच जागा त्यांनी पत्करली. केवळ किंचित सरकलेल्या आयनांमुळे दोन जागांत एवढा भेद पडावा, हे पटण्यासारखे नव्हते.

याचा उलगडा ब्लीम व त्याच व्हिएन्ना गटाने २०१४ मध्ये केला. पृष्ठाखालील तिसऱ्या थरातून, प्रत्येक मोठ्या एककामागे, दोन लोह-आयन नाहीसे झालेले असतात आणि दुसऱ्या थरात एक लोह-आयन नव्या पोकळीत बसलेला असतो. म्हणजे एकंदरीत एक लोह-आयन कमी. वरचा थर पूर्ण दिसतो, कारण बदल त्याच्या खाली आहे. सोन्याने नाकारलेली जागा ही त्या खाली दडलेल्या लोह-आयनाच्या वरची जागा होती. आधीच्या प्रतिमानातील एक मुद्दा मात्र टिकला : पृष्ठालगतचे लोह त्रिसंयुजी असते, हा निष्कर्ष नव्या रचनेतही कायम राहिला.

या निबंधातील दुसरी गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची वाटते. लेखकांनी या पालटाचे कारण म्हणून ध्रुवीयतेला पुढे केलेले नाही. लोहाचे ऑक्साइड भोवतालच्या ऑक्सिजनच्या कमीअधिकपणाला धन-आयनांची जागा बदलून प्रतिसाद देतात, आणि पृष्ठाखालील रिक्त स्थाने हा त्याच प्रवृत्तीचा परिणाम होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. विद्युत्-सिद्धान्ताने घातलेली अट त्यामुळे रद्द होत नाही. ती पाळलीच जाते. परंतु अट पाळण्याच्या अनेक रीतींमधून एक निवडली जाते ती पदार्थाच्या रसायनामुळे आणि परिसरामुळे. बॉर्नपासून टास्करपर्यंतच्या परंपरेने जो प्रश्न शुद्ध विद्युत्शास्त्राचा म्हणून हाती घेतला होता, तो शंभर वर्षांनी ऑक्सिडीकरण व क्षपण यांच्या प्रांतात येऊन पोहोचला.

अष्टफलकी (१११) पृष्ठाबाबतही हेच दिसते. ऑक्सिजनच्या दाट थरावर लोहाचा पाव थर असलेली मांडणी तेथे वारंवार आढळते. तथापि ऑक्सिजनचे प्रमाण व तपमान बदलले की अन्य मांडण्याही दृष्टोत्पत्तीस येतात. एकाच पृष्ठाचे एकच कायमचे रूप असावे, ही अपेक्षाच संशोधकांना सोडावी लागली.

६. बीडच्या कणाची साक्ष

आरंभी ज्या कणापासून आपण निघालो त्याच्याकडून किती साक्ष घेता येईल, याचा विचार आता केला पाहिजे. बेसाल्टातील अष्टफलक हा निर्वातातील स्वच्छ पृष्ठाचा पुरावा नव्हे. तो वितळलेल्या सिलिकेटांच्या द्रवात वाढला; त्याच्या पृष्ठाला सर्व बाजूंनी भारित आयनांचा शेजार होता; त्याच्या अंगात टायटॅनियम होते; आणि त्याचे रूप समतोलाचे असेल तितकेच वाढीच्या वेगाचेही असेल. खडकात तो बंदिस्त असतो, वाळूत आला की हवा व पाणी त्याला भिडतात. म्हणून ‘अष्टफलक आढळतो, सबब सिद्धान्त खोटा’ असे म्हणणे घाईचे ठरेल. सिद्धान्ताने ज्याला अशक्य ठरविले होते ते आदर्श रचनेप्रमाणे कापलेले, उघडे, निर्मळ पृष्ठ होते. असे पृष्ठ या कणाला त्याच्या आयुष्यात क्षणभरही नव्हते.

उलट बाजूने मात्र ही साक्ष मोलाची आहे. निसर्गातील पृष्ठाला शेजार असतोच, आणि ध्रुवीय पृष्ठ आपले देणे बहुधा त्या शेजाऱ्याकडून मिळालेल्या द्रव्यात फेडते. मॅग्नेशियम जाळून मिळणाऱ्या धुराचे कण घनाकार असतात. फ्रान्समधील संशोधकांनी २००७ मध्ये दाखविले की, पाण्याशी संबंध आल्यावर हे घन अष्टफलकाकडे वळतात. रोमे द लील याच्या मिठात यूरियाने जे केले तेच येथे पाण्याने केले. दोन्ही निरीक्षणांत सव्वादोनशे वर्षांचे अंतर आहे, आणि दुसऱ्याचा अर्थ कळल्यावरच पहिल्याचे महत्त्व पुरते ध्यानात येते. पाण्याच्या दुर्भिक्षाचा अनुभव असलेल्या बीडसारख्या जिल्ह्यातही हवेत बाष्प असतेच. त्यातील पाण्याचा रेणू ऑक्साइडच्या पृष्ठावर दुभंगून हायड्रोजन व हायड्रॉक्सिल देऊ शकतो, आणि एका रेणूइतक्या जाडीचा थर भाराचा हिशेब पालटण्यास पुरेसा होतो.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. अमोनियाच्या कारखान्यांत लागणारे उत्प्रेरक मॅग्नेटाइटापासून बनवितात. जलवायूपासून हायड्रोजन मिळविण्याच्या क्रियेतही त्याचा उपयोग होतो. रासायनिक क्रिया पृष्ठावर घडते, तेव्हा पृष्ठाची खरी रचना ठाऊक नसताना केलेली उपपत्ती आधारहीन ठरते. २००४ मध्ये ओहतोमो व ह्वांग यांना दोन विद्युत्-रोधक ऑक्साइडांच्या सांध्यावर वाहक थर सापडला. त्या वाहकतेचे श्रेय ध्रुवीयतेमुळे सरकलेल्या इलेक्ट्रॉनांना द्यावे की ऑक्सिजनच्या रिक्त स्थानांना, हा वाद तेथेही उपस्थित झाला. वाद नवा असला तरी त्याची मांडणी आपणास परिचित आहे : अट एक, आणि ती पाळण्याचे मार्ग अनेक.

या इतिहासातून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एक गोष्ट घ्यावी असे वाटते. येथे खनिजशास्त्रज्ञाचे निरीक्षण चुकले नव्हते आणि भौतिकशास्त्रज्ञाचे गणितही चुकले नव्हते. दोघेही पृष्ठ हाच शब्द वापरीत होते. परंतु एकाच्या मनात वाढलेले पृष्ठ होते व दुसऱ्याच्या मनात कापलेले. अंतर्भागाची रचना कळली म्हणजे पृष्ठाची रचना कळलीच, हे आऊईच्या ठोकळ्यांबरोबर आलेले गृहीत सोडून देण्यास विज्ञानाला दोनशे वर्षे लागली. गणिताने एखादी गोष्ट अशक्य ठरविली आणि ती समोर दिसत असली, तर गणितात नेमके काय कापून घेतले आहे ते प्रथम तपासावे. ओढ्याच्या वाळूतील काळ्या कणाने हा प्रश्न कधीच विचारून ठेवला होता. त्याला ऐकू येईल असे उत्तर देण्याची पात्रता आपल्या शास्त्रात अलीकडे आली आहे, इतकेच.